निरोप समारंभात मला वीस मिनिटं द्या

प्रति,
माण-खटाव परिसरातल्या माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, दहावीचे वर्गशिक्षक आणि क्रीडाशिक्षक यांना,

सर, मॅडम, सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीत तुमच्या शाळेत दहावीचा निरोप समारंभ होईल. प्रमुख पाहुण्यांना शाल-श्रीफळ, मग त्यांचं 'आयुष्याच्या परीक्षेत उत्तीर्ण व्हा' हे भाषण. पुढच्या रांगेतल्या मुली डोळे पुसतील, मागच्या रांगेतले पठ्ठे एकमेकांना कोपरं मारतील. त्या कार्यक्रमात मला वीस मिनिटं हवी आहेत. मागणं एवढंच आहे, कारण सांगायला मात्र जरा जागा लागेल.

मी गावात सेवा केंद्र चालवतो. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, अकरावीचा फॉर्म, शिष्यवृत्ती, सगळ्यासाठी तुमची मुलं माझ्याकडेच येतात. माझ्या उजव्या तळव्याला एक कातडी पट्टा असतो. त्यात पेन उलटं खोचायचं आणि त्याच्या बुडानं कीबोर्डवरचं एकेक अक्षर दाबायचं. पहिल्यांदा आलेला मुलगा स्क्रीनकडे बघतच नाही, माझ्या हाताकडे बघतो. मग हळूच विचारतो, "दादा, ॲक्सिडेंट?" मी म्हणतो, "नाही रे, पोहायला गेलतो."

ते साल 2005. दहावीचा शेवटचा पेपर होऊन महिना झाला होता. शाळा सुटलेली, कॉलेज लागलेलं नाही, निकालाला वेळ. या अडीच-तीन महिन्यांत पोरगा कुणाच्याच हजेरीपटावर नसतो, हे तुमच्या लक्षात आलंय का? आम्ही रोज संध्याकाळी आमच्याच विहिरीवर पोहायचो. विहिरीत निम्म्यावर मोटार ठेवायला दगडी कट्टा होता. तिथून पाणी दहाएक फूट खाली आणि पाण्याची खोली दोन परस. परस म्हणजे पुरुषभर, आमच्या आजोबांच्या हिशेबात सहा फूट. त्या कट्ट्यावरून मी शेकड्यांनी सूर मारले असतील. वरच्या आळीतल्या पोरांपेक्षा माझा सूर सरळ जायचा, याचा मला गर्व होता.

त्या दिवशी आम्ही संध्याकाळऐवजी सकाळी गेलो. एका मित्राला दुपारी मामाच्या गावाला जायचं होतं, म्हणून. आदल्या रात्री शेतीची लाईट बारा ते आठ होती. बाराला बॅटरी घेऊन मोटार चालू करायला गेलो तो मीच. आठ तास पाणी कांद्याला चाललं होतं. विहीर संध्याकाळपर्यंत झऱ्यांनी पुन्हा भरायची, म्हणून आम्हाला तिचा संध्याकाळचाच चेहरा माहीत होता. सकाळी पाणी परसभर उतरलेलं होतं. भिंतीवर ओली रेघ स्पष्ट दिसत होती. मी ती पाहिली. आजही डोळे मिटले की रेघ दिसते, वर शेवाळाची हिरवी, खाली काळी. मागून पोरं "हाण, हाण" म्हणत होती. मी हाणला.

दुखलं नाही. हे मी मुलांना सांगतो तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त आश्चर्य याचंच वाटतं. मी पाण्यात पालथा तरंगत होतो, डोळे उघडे होते आणि माझा डावा हात माझ्या तोंडासमोर तरंगत होता. हात माझा आहे हे मला कळत होतं, पण हाताला ते कळत नव्हतं. वरची पोरं हसत होती, त्यांना वाटलं मी दम धरून चेष्टा करतोय. किती वेळ गेला कोण जाणे. मग एकानं उडी टाकली आणि मला उताणं केलं.

आज्जीनं साती आसरांना बोल लावला. विहिरीच्या काठाला हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, दहीभात ठेवला. बापानं नशिबाला बोल लावला. मी बरीच वर्षं कुणालाच सांगितलं नाही की मोटार मी चालू केली होती आणि रेघ मला दिसली होती. आसरांवर आळ येत होता तेच बरं होतं.

आता थोडा हिशेब, कारण तुम्ही शिकवणारी माणसं आहात आणि हा हिशेब नववीच्या विज्ञानातलाच आहे. पाणी एक परस उतरलं की उडी एक परसानं वाढते आणि त्याच वेळी खोली एक परसानं घटते. दोन्ही काटे एकाच वेळी वाईट दिशेला सरकतात. दहा फुटांवरून बारा फूट पाण्यात जाणारा मी त्या सकाळी सोळा फुटांवरून सहा फूट पाण्यात गेलो. सोळा फुटांवरून पडणारं अंग पाण्याला टेकतं तेव्हा त्याचा वेग ताशी 35 किलोमीटरच्या आसपास असतो. तळाशी गाळ असला तर जीव वाचेल, असं मुलांना वाटतं. गाळाखाली खडक असतो. शिवाय पाइपाच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह म्हणजे पाणी ओढणारी जड झडप असते, जिला आमच्याकडे सगळे फुटबॉलच म्हणतात. वरून यातलं काही दिसत नाही.

मानेत सात मणके. त्यांच्या नळीतून करंगळीएवढा मज्जारज्जू जातो. डोकं तळाला टेकतं, थांबतं, पण मागून धड येतच राहतं. मधल्या मणक्याचा चुरा होतो आणि त्याचे तुकडे मज्जारज्जूवर रुततात. तो तुटतोच असं नाही, चेपला तरी पुरतं. मोडलेलं हाड जुळतं, मज्जारज्जू जुळत नाही. माझा सहाव्या मणक्यापाशी चेपला. त्यामुळे मला कोपर वाकवता येतं, मनगट वर उचलता येतं. कोपर जोर लावून सरळ करता येत नाही, बोटं हलत नाहीत, छातीखालचं काही कळत नाही.

चालता येत नाही हे लोकांना दिसतं. माझ्या अंगाला घाम येत नाही, हे दिसत नाही. एप्रिलमध्ये अंगावर ओला पंचा टाकून बसावं लागतं, नाहीतर ताप चढतो. लघवीला नळी लागते. पहिली दोन वर्षं आई उशाशी गजराचं घड्याळ ठेवून झोपायची. दर दोन तासांनी उठून मला या कुशीवरून त्या कुशीवर करायची. तरी एकदा ती स्वतः तापानं फणफणली होती तेव्हा चार दिवस चुकले आणि माकडहाडापाशी जी जखम झाली ती भरायला सात महिने लागले. मी दहावीला 71 टक्के घेऊन पास झालो हे मला पालथं झोपवलेलं असताना कळलं. पेढे आणायचे की नाही, यावर घरात बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

पुरे. मुलांसमोर मी यापेक्षा कमी सांगतो. रक्ताचे फोटो, मोडलेल्या मानेचे एक्स-रे दाखवून घाबरवण्याच्या मी विरोधात आहे. सोळा वर्षांच्या मुलाला भीती दाखवली की तो ती मोडून दाखवायला निघतो. आणि 'विहिरीवर जाऊ नका' ही सूचना तर फळ्यावर लिहूच नका. पोहायला यायलाच हवं, मुलींनासुद्धा. न येणारे बुडतात. मला मुलांच्या डोक्यात एकच सवय घालायची आहे: पहिली उडी कायम पायांवर.

पायांवर टाकलेल्या उडीत पाणी कमी निघालं तर घोटा मोडेल, पाय मोडेल, महिना-दोन महिने प्लास्टर. अशा उडीला आमच्या भाषेत मुटका म्हणतात. गुडघे पोटाशी घेऊन धपकन मारायचा, तो लहान पोरांचा मानला जातो आणि सूर मोठ्यांचा. ही प्रतिष्ठा उलटी करता आली तर अर्धं काम झालं. आधी एकानं पायऱ्यांवरून उतरून तळ चाचपायचा. दोरीला दगड बांधून सोडायचा, हातहातावर गाठी मारायच्या, भिजलेल्या गाठी मोजायच्या. रात्री लाईट होती का हे विचारायचं. रेघ बघायची. काल मोजलेलं आज चालत नाही. गणिताच्या सरांनी एक तास विहिरीवर नेला तर मुलं तो तास जन्मात विसरणार नाहीत. पालकांची परवानगी, दोर, ट्यूब, पोहणारी दोन माणसं हे आलंच.

यात नवीन काय आहे म्हणाल, तर काहीच नाही. आपल्याकडे कुस्तीच्या तालमीत हौदातली माती आधी खणून भुसभुशीत करतात, तिच्यात तेल, ताक, हळद मुरवतात आणि वस्ताद पोराला पडायचं कसं तेही शिकवतो. मल्लखांबालाही खाली अंथरलेलं असतं आणि शेजारी शिकवणारा उभा असतो. पडणार हे धरून चालणारी ही विद्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. विहिरीला, चिंचेच्या झाडाला आणि मोटारसायकलला तेवढा वस्ताद नाही.

मोटारसायकलवरून आठवलं, आणि इथं तुम्हाला थोडं लागेल. माझं केंद्र शाळेच्या रस्त्यावर आहे. रोज सकाळी साडेदहाला मी खुर्चीतून रस्ता बघतो. मुलं ट्रिपल सीट येतात, त्यातला चालवणारा चौदा-पंधरा वर्षांचा. त्यांच्यामागून सर येतात. सरांचं हेल्मेट हँडलला लटकलेलं असतं, किंवा घरीच. सर, रस्ता सुरक्षा सप्ताहातल्या घोषणा मुलं ऐकतात, पण शिकतात ते साडेदहाचं दृश्य. हेल्मेट घातल्यानं डोक्याच्या दुखापतीची शक्यता 69 टक्क्यांनी आणि मृत्यूची 42 टक्क्यांनी कमी होते, असं जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. सरकारी अहवालाप्रमाणे 2022 या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले 50,029 जण दुचाकीवर मेले, त्यातले 14,337 मागं बसलेले होते. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागं बसणाऱ्यालाही, हेल्मेट कायद्यानं लागतं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पालकसभेत हे एकदा मोठ्यानं वाचून दाखवा. बापाच्या हातातली किल्ली तेवढ्यानं जरा घट्ट होते, अनुभव आहे.

क्रीडाशिक्षकांना दोन ओळी. कबड्डीत डोकं आपटलं, पोरगा क्षणभर भांबावला, तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा उतरवला, हे बंद करा. ज्याचं डोकं आपटलं तो त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही, सामना हरला तरी. ओकारी आली, डोकं वाढत्या वेगानं दुखायला लागलं, झोपाळला किंवा बोलणं बरळल्यासारखं झालं, तर थेट दवाखाना.

आणि आता उचलण्याचं, ज्यासाठी खरं तर वीसातली दहा मिनिटं हवी आहेत.

मला वर काढलं ते काखेतून दोर घालून. तीन पोरं आणि शेजारचे एक काका वरून ओढत होते, त्यांनी जिवाचं रान केलं. माझी मान दर हिसक्याला इकडून तिकडे पडत होती. वर आल्यावर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवलं आणि चौदा किलोमीटर नेलं. माझं डोकं पुढच्याच्या खांद्यावर आपटत होतं. माझं किती नुकसान तळाशी झालं आणि किती दोरावर, गाडीवर, हे कुणीही सांगू शकणार नाही, आणि मी त्या मित्रांना कधी विचारलंही नाही. त्यातला एक आजही मला दिसला की नजर चुकवतो. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, एवढाच त्याचा दोष.

शिकवायला अवघड काहीच नाही. पाण्यातला मुलगा हालत नसेल तर आधी तोंड पाण्याबाहेर, श्वास पहिला. मग त्याला उताणाच तरंगू द्यायचा. पाणी त्याला फुकट उचलून धरतं, घाई करायची नाही. एकानं दोन्ही तळव्यांनी डोकं आणि मान धडाच्या रेषेत धरायची आणि कुणी ओरडलं तरी सोडायची नाही. बाकीच्यांनी फळी, दार, शिडी, जे सपाट मिळेल ते खाली सोडायचं, त्यावर बांधून मगच वर घ्यायचं. श्वास चालू असेल तर काठावर मान वळवून बघायची नाही, बसवून पाणी पाजायचं नाही. हात-पाय हलव म्हणायचं, कळतंय का विचारायचं आणि 108 ला फोन करायचा. 2005 मध्ये ती गाडी नव्हती. 2014 पासून आहे, फुकट आहे आणि तिच्यात मानेला पट्टा असतो. झाडावरून, ट्रॉलीवरून, गच्चीवरून पडलेल्याला हेच. रस्त्यावर पडलेल्यालाही हेच. मदत करणाऱ्याला पोलिसांनी अडकवू नये म्हणून आता कायद्याचं संरक्षण आहे. आठवीची मुलं दहा मिनिटांत हे शिकतात. मी एका वर्गात बाकाची फळी काढून करून घेतलंय, पाच जणांत डोकं धरणारी मुलगी सगळ्यात खमकी निघाली. ती बाकीच्यांना दरडावत होती, "मी तीन म्हटल्यावर उचलायचं, आधी कुणी हात लावला तर बघा."

हे काम डॉक्टरांनी करावं, असं एका मुख्याध्यापकांनी मला सुचवलं. डॉक्टर चांगलं बोलतील. पण अमेरिकेत मेंदू आणि मणक्याच्या शल्यविशारदांच्या संघटनांनी 1986 मध्ये 'थिंक फर्स्ट' म्हणजे 'आधी विचार कर' नावाचा कार्यक्रम शाळांसाठी सुरू केला, तेव्हा त्या शल्यविशारदांनाही हेच उमगलं की नुसत्या पांढऱ्या कोटाचं मुलं ऐकत नाहीत. म्हणून त्यात स्वतः जखमी झालेली तरुण माणसं वर्गात येऊन बोलतात. पोहण्याबद्दल तिकडेही सांगणं हेच, पहिल्यांदा पाय. त्यांच्याकडे जलतरण तलाव आणि समुद्र, आपल्याकडे विहीर. मान तीच.

आपल्या तालुक्यांत माझ्यासारखे किती जण घरात पडून आहेत, याची यादी कुणाकडे नसेल, पण तुमच्या गावातला एक तुम्हाला नक्की माहीत आहे. आंब्यावरून पडलेला, कडब्याच्या गंजीवरून पडलेला, गाडीवरून पडलेला. त्याला बोलवा. मलाच बोलवा असं नाही. त्याला कुणी दहा वर्षांत भाषणाला बोलावलेलं नसेल. तो आधी नाही म्हणेल, दुसऱ्यांदा विचारा. मानधनाचं पाकीट द्या, शाल दोन दिवसांत कपाटात जाते.

विद्यार्थ्याला अपघात झाल्यावर सानुग्रह अनुदानाचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. त्याची कागदपत्रं तुम्हाला तोंडपाठ आहेत, कारण ती जुळवायला तुमचे शिपाईमामा माझ्याकडेच येतात. पंचनामा, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, मुख्याध्यापकांचा सही-शिक्का. मागच्या वर्षी एक प्रस्ताव टाइप करताना 'अपघाताचे कारण' या रकान्यापाशी मी अडकलो. मामांनी सांगितलं तसं 'विहिरीत पडून' लिहिलं. मुलगा पडला नव्हता, त्यानं सूर मारला होता. मला माहीत होतं, मामांना माहीत होतं. जे घडतं त्याचं नावही आपण कागदावर घेत नाही, म्हणून पुढच्या एप्रिलमध्ये ते पुन्हा घडतं.

तारीख कळवा. त्या दिवशी केंद्राला कुलूप लावीन, दाखल्यांची गर्दी असली तरी. निरोप समारंभ जमत नसेल तर आठवी-नववीसाठी एप्रिलमधला सुट्टीआधीचा कुठलाही एक तास चालेल, मात्र दुपारी बारानंतर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, माझा ताप चढेल. माइक स्टँडचा असू द्या, हातात धरता येत नाही. सभागृह वरच्या मजल्यावर असेल तर कार्यक्रम खाली मैदानात घ्या. एका शाळेत माझ्यासाठी रॅम्पवरून आणायचं ठरलं, छान रॅम्प, रंगवलेला, आणि वरच्या टोकाला लोखंडी जाळीचं दार. किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर. तेव्हा रॅम्प नसला तरी माझी तक्रार नाही. दहावीची चार दणकट मुलं खुर्ची उचलतात. हाताच्या दांड्या निघून येतात, चाकं फिरतात. खालच्या लोखंडी सांगाड्याला धरायचं आणि एकानं तीन म्हटल्यावरच उचलायचं. कुठं धरायचं ते मी त्यांना आधी सांगेन, कार्यक्रम तिथूनच सुरू झाला असं समजा.

आपला,
2005 च्या दहावीच्या बॅचचा एक माजी विद्यार्थी